डळमळता पत्रा: किनाऱ्यावरून बांगडा गरवताना

[दृश्य: उजाडण्यापूर्वीचा समुद्र. खडकाच्या टोकावर उभी असलेली एक आकृती. फक्त पाण्याचा आवाज.]

उजाडायला अजून अर्धा तास आहे. रात्री पाण्याच्या वरच्या थरात आलेले प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव, प्रकाश वाढू लागताच पुन्हा खाली उतरू लागतील. त्यांच्यावर जगणारी लहान मासळीही मग हलेल, आणि तिच्या मागोमाग किनाऱ्यापर्यंत आलेला बांगडा लांब सरकू शकेल. म्हणूनच खडकावरच्या या माणसाने अंधारातच आपली गरवण्याची, म्हणजे गळाने मासे पकडण्याची, काठी जोडून ठेवली आहे. त्याच्याजवळ कोळंबी नाही, की तारलीचा कापही नाही. दोराच्या टोकाला आहे तो बोटाएवढा, चकाकणारा धातूचा पत्रा. त्याला वास नाही आणि चवही नाही, तरीही बांगडा त्यावर झडप घालतो. तो ती का घालतो, हाच या चित्रफितीचा विषय आहे.

[दृश्य: ओंजळीत धरलेला बांगडा. पाठीवरचे पट्टे, शेपटीजवळचे लहान पर.]

बांगडा या एकाच शब्दात आपण बरेच वेगळे मासे बसवतो. उत्तर अटलांटिकमधला बांगडा आणि हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण पाण्यातला बांगडा हे वरवर पाहता भाऊच वाटतात: तोच निमुळता देह, तीच दुभंगलेली शेपटी आणि शेपटीच्या अलीकडे वर-खाली रांगेत बसवलेले तेच इवलेसे पर. तोंड उघडून पाहिले, की फरक लक्षात येतो. उष्ण पाण्यातल्या बांगड्याच्या कल्ल्यांना आतून पिसांसारखी लांब आणि दाट गाळणी असते, आणि तोंड उघडे ठेवून पोहताना तो पाणी गाळून त्यातले प्लवक, कोळंबीची आणि माशांची बारीक पिल्ले खातो. अशा माशापुढे मोठा पत्रा टाकून बहुधा काहीच घडत नाही. त्याच्यासाठी जपानी मच्छीमारांची साबिकी नावाची माळ वापरतात. एका तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोरावर, ओळीने चार-सहा बारीक गळ, प्रत्येक गळाला माशाच्या कातडीचा किंवा चमकत्या धाग्याचा कपटा, आणि सर्वांत खाली वजन, एवढीच तिची रचना असते. अटलांटिकमधला बांगडाही प्लवक गाळतो, पण वाळूत दडणाऱ्या दोरीसारख्या बारीक माशांच्या आणि हेरिंगच्या पिल्लांच्या मागे तो जिद्दीने धावतो. म्हणून तो पिसे बांधलेल्या मोठ्या गळांवर आणि वीस-तीस ग्रॅमच्या पत्र्यावरही येतो.

या अटलांटिक बांगड्याची आणखी एक गोष्ट गरवणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. पुष्कळ माशांच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते, जिच्या आधाराने ते पाण्यात स्थिर तरंगतात. या बांगड्याला ती पिशवीच नसते. पोहणे थांबवले तर तो बुडू लागतो, आणि कल्ल्यांवरून पाणी वाहते राहावे म्हणूनही त्याला सतत पुढे जावे लागते. या उणिवेचा त्याला एक फायदाही होतो: पिशवीतल्या वायूच्या फुगण्या-आकसण्याची अडचण नसल्यामुळे तो क्षणात वरून खाली आणि खालून वर जाऊ शकतो. पहिल्या फेकीला पृष्ठभागाजवळ लागलेला थवा पाचव्या फेकीला तळाशी गेलेला असतो, आणि जागा न बदलता नुसती खोली बदलणारा माणूस जागा बदलत हिंडणाऱ्यापेक्षा जास्त मासे घेऊन परततो.

खोली शोधण्याची रीत अगदी साधी आहे. पत्रा पाण्यात पडला की मनात अंक मोजायला लागायचे आणि दोर सैल पडेपर्यंत, म्हणजे पत्रा तळाला टेकेपर्यंत, मोजत राहायचे. समजा बारा आले. पुढच्या फेकीला चारला दोर गुंडाळायला सुरुवात करायची, त्यापुढच्या फेकीला आठला, मग दहाला. ज्या अंकाला मासा लागेल तो अंक धरून ठेवायचा.

[दृश्य: पाण्याखालून. पत्रा डोलत, तिरका होत खाली येतो.]

आता तो पत्रा स्वतः पाहू. अमेरिकेतील व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ साली चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. पुढे १९३६ मध्ये फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने बुचाच्या लाकडातून एक लहान मासा कोरला, चॉकलेटची चंदेरी वेष्टने त्यावर चढवली आणि छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. तळ्यावर काम करताना त्यांनी पाहिले होते, की शिकारी मासा शेकडो पिल्लांच्या गर्दीतून नेमके तेच पिल्लू उचलतो, जे जरा वेडेवाकडे, तोल गेल्यासारखे पोहत असते. पत्र्याचा बाक, लाकडी माशाच्या तोंडापुढची जिभेसारखी पट्टी, मऊ प्लास्टिकच्या माशाची थरथरणारी शेपटी ही सर्व साधने या एकाच निरीक्षणाभोवती फिरतात. शिकाऱ्याला खाद्याच्या रूपापेक्षा त्याचा अशक्तपणा आधी दिसतो.

बाकदार पत्र्यावर पाण्याचा दाब दोन्ही कडांना सारखा पडत नाही, त्यामुळे ओढला जाताना तो एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर कलतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चमक उठते आणि पाण्यात एक धक्का पसरतो. हा धक्का माशाला त्याच्या अंगावरून जाणाऱ्या पार्श्वरेषेतून, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या इंद्रियातून, जाणवतो. मात्र नवशिका माणूस पत्रा एका वेगाने ओढत राहतो, आणि तिथेच त्याचा खेळ फसतो, कारण एका लयीत जाणारी वस्तू निरोगी वाटते. दोन-चार फेरे गुंडाळावेत, हात थांबवावा, पत्र्याला डळमळत पडू द्यावे, पुन्हा उचलावे. बरेचसे मासे त्या पडण्याच्या क्षणी लागतात, आणि तेव्हा दोर सैल असल्यामुळे झटका हाताला न जाणवता नुसता दोर बाजूला सरकताना दिसतो. हाताचे हे थांबणे शिकायला काठी फेकायला शिकण्यापेक्षा अधिक काळ लागतो.

रंगावर गरवणारे तासन्‌तास वाद घालतात. आमच्या मते त्यातला अर्धा वाद दुकानदारांच्या सोयीचा आहे. लाल प्रकाश पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, तेव्हा लाल पत्रा खोलात काळपटच दिसणार. शिवाय खालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका वर्तुळाकार खिडकीत दिसते, आणि त्या उजळ खिडकीवर पत्र्याची फक्त सावली उमटते. आकार आणि चाल जुळली, तर रंगाचा विचार सावकाश करता येतो.

साधनांबद्दल थोडक्यात सांगायचे तर सुमारे तीन मीटरची हलकी काठी, मध्यम आकाराचे रीळ, त्यावर बारीक विणलेला दोर आणि पुढे वावभर तंगूस एवढे पुरते. विणलेला दोर ताणला जात नाही, म्हणून दूरचा हलका स्पर्शही बोटाला कळतो. पण तो खडकावर घासला की पटकन तुटतो, आणि तो घासरा तंगुसाने सोसायचा असतो.

[दृश्य: किनाऱ्यावरून घेतलेले रुंद चित्र. पाण्यात फिकट आणि गडद पट्टे. दूरवर पक्षी.]

मासा कुठे आहे हे पाणीच सांगते. अनेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे काल साधलेली वेळ आज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत तो मंद असतो. खडकाच्या टोकाशी दोन प्रवाह भेटतात तिथे पाण्यावर एक शिवण उमटते. तरंगणारे खाद्य त्या शिवणीत गोळा होते, आणि लहान मासळी त्याच्यामागे येते. त्याहून ठळक खूण म्हणजे एकाच जागी सूर मारणारे सुरय पक्षी. त्यांच्याखालचे पाणी उकळल्यासारखे दिसत असेल, तर पत्रा थेट त्या उकळीत न टाकता तिच्या पलीकडे टाकून कडेने आणावा, नाहीतर थवा दबकून खाली बसतो.

अशा आमिषांवर इतरही पाहुणे येतात. जिताडा खाडीच्या मुखाशी दबा धरतो आणि त्याला लाकडी मासा संथ चालीने दाखवावा लागतो. टोळ माशाची चोच हाडासारखी कठीण असते, त्यामुळे तो चार वेळा ओढतो आणि पाचव्यांदा निसटतो. सुरमई आली, तर तंगूस कात्रीने कापावी तशी तुटते. तिच्यासाठी गळापुढे बारीक तार लावावी लागते.

पिसांच्या माळेबद्दल मात्र एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. सहा गळांवर सहा बांगडे एकदम लागतात, सहा दिशांना धावतात, आणि पुढची वीस मिनिटे गुंता सोडवण्यात जातात. तेवढ्यात थवा निघून गेलेला असतो. तीन गळ पुष्कळ झाले. फेकण्यापूर्वी मागे कोणी नाही याची खात्री करावी, कारण हवेत फिरणारी ही माळ डोळ्याच्या उंचीवरून जाते. खडकावर उतरण्याआधी पाव तास नुसत्या लाटा पाहाव्यात, कारण पाच लहान लाटांमागून येणारी सहावी लाट कुठवर पोहोचते, हे तेव्हाच कळते.

[दृश्य: बर्फाने भरलेली पेटी. हात मासा आत ठेवतो.]

हाती आलेल्या माशाचे काय करायचे हे त्याच क्षणी ठरवावे लागते. परत सोडायचा असेल, तर हात ओले हवेत, किंबहुना मासा पाण्यातच ठेवून गळ काढलेला बरा, कारण बांगड्याची कातडी नाजूक असते आणि कोरड्या हाताला तिच्यावरचा बुळबुळीत थर निघून येतो. ठेवायचा असेल, तर त्याला लगेच मारून बर्फात घालावे. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उन्हात पडून राहिला की जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात, ज्याने अंगावर लाली येते, डोके दुखते, मळमळते. हे हिस्टामीन शिजवल्याने नष्ट होत नाही. म्हणजे पेटीत बर्फ किती आहे, यावरून किती मासे ठेवायचे ते ठरते, आणि पेटी भरली की थवा समोर असला तरी काठी खाली ठेवायची.

[दृश्य: सूर्य वर आलेला. पक्षी पांगलेले.]

पाणी आता पुन्हा सपाट झाले आहे. खडकावरच्या माणसाने शेवटची फेक केली आहे आणि तो मनात मोजतो आहे. आठ. नऊ. दहा. अकरा. बाराव्या अंकाला दोर सैल पडतो, पत्रा तळाला टेकतो.