वाडा निवडावा पाण्यावरून

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'एका दिवसात कोणता राजवाडा पाहावा'. समोर सगळे पुणेकर बसलेत, तेव्हा शनिवारवाड्याची ओळख करून देत नाही. सुरुवात मात्र तिथूनच करतो, कारण माझं म्हणणं तिथेच पक्कं झालं.

वाडा केवढा मोठा, तिथे कोण राहिलं, तलवारी किती मांडल्यात, हे नंतर बघू. आधी विचारा, इथे पाणी कुठून यायचं? ते आजही डोळ्यांना दिसतं का? ज्या वाड्यात दिसतं, तो आधी गाठायचा.

मध्यंतरी गावाकडचे पाहुणे घेऊन शनिवारवाड्यात गेलो होतो. शेजारून एक मोठी सहल चालली होती. त्यांच्या मार्गदर्शकाने सगळ्यांना थेट नारायण दरवाज्यापाशी नेलं आणि सुरू झालं 'काका, मला वाचवा', अमावास्या, किंकाळ्या. बराच वेळ तेच. अहो, 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव मारले गेले तेव्हा नुकतं अठरावं पुरं झालेलं पोर होतं ते. त्याच्या मरणाची भुताटकी करून चार लोकांत खपवायची, हे मला सहन होत नाही. इथे बसलेल्या कुणी आपल्या पाहुण्यांना ती गोष्ट तशी सांगत असेल, तर आजपासून सोडा, ही हात जोडून विनंती.

पुढे तीच सहल हजारी कारंज्यापाशी आली. 'इथे कारंजं होतं', एवढ्या एका वाक्यात काम उरकलं. एक लहान मुलगी कठड्याशी रेंगाळली आणि तिने विचारलं, 'पण पाणी वर कसं उडायचं?' तिला कुणी उत्तर दिलं नाही, दंडाला धरून पुढे नेलं. अख्ख्या सहलीत वाडा पाहायला आली होती ती एकटी.

उत्तर आहे कात्रजला. कात्रजचे कोण आलेत? वर करा हात. वा! तुमचं तळं म्हणजे या गावाची जुनी नळयोजना. नानासाहेब पेशव्यांनी तिथे बांध घालून पाणी अडवलं आणि जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ थेट पेठांपर्यंत आणला. नळ म्हणजे आत माणूस उभा राहील एवढा. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे कोंडलेली हवा सुटते, दाब सांभाळला जातो आणि आत उतरून गाळही काढता येतो. कात्रज उंचावर, गाव खाली. सगळा खेळ उताराचा. त्याच उताराच्या जोरावर सवाई माधवरावांच्या काळात हजारी कारंज्याचं ते सोळा पाकळ्यांचं कमळ उडत होतं, आणि त्याच नळाच्या पाण्यावर पेठांतल्या हौदांत लोकांच्या घागरी भरत होत्या. वाड्याचं आणि गावाचं पाणी एकच. 1828 च्या आगीत लाकडी मजले गेले. राहिले तट, दरवाजे, जोती आणि हे दगडी कमळ. त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबलात, की जळून गेलेला वाडा पुन्हा उभा करता येतो.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. बरं, मुख्य मुद्दा भरभर घेतो.

कोल्हापूरचा नवा राजवाडा देखणा आहे. 1877 ते 1884 मध्ये बांधलेला, आराखडा मेजर मँटचा. पण जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. तिथे मुक्कामानेच जावं. आगाखान पॅलेस नगर रस्त्यावरच आहे, 1892 चा. तो मात्र सहल म्हणून पाहू नका. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथे नजरकैदेत असतानाच वारले, दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. त्यासाठी वेगळी सकाळ काढा. भोरचा राजवाडा जवळ आहे, पण खासगी मालकीचा, आधी विचारून जायचं.

एकच दिवस असेल तर माझं मत साताऱ्याच्या वाटेला. साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर. शाहू छत्रपतींच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, वीरूबाई भोसल्यांनी बांधली. पायऱ्या उतरून कमानीतून आत शिरलात, की तुम्ही विहिरीत असता आणि महालातही! अष्टकोनी विहीर आणि तिच्या पुढचा चौकोनी भाग यांच्यामध्ये चक्क महाल, बसायला बैठक. वर मोटांच्या जागा, तिथून पाणी आमराईला. राजघराण्याने पाण्यावरच बैठक मांडावी, याहून मोठा पुरावा माझ्या म्हणण्याला कुठला देऊ?

तिथून परतताना वाईजवळ मेणवली. 1768 मध्ये हे गाव नाना फडणविसांना मिळालं, मग वाडा आणि कृष्णेचा घाट झाला. वाड्याच्या मागच्या दारातून निघून घाटाची एकेक पायरी उतरत पाण्यापर्यंत जा. घाटावरची घंटा वसईच्या लढाईनंतर आलेली, पोर्तुगीज चर्चची. वाडा खासगी आहे, राखणदाराला विचारूनच आत जा. बंद असला तरी घाट उघडा असतो.

सकाळी सहाला निघा, आधी लिंब, मग मेणवली. तिसरं ठिकाण घेऊ नका. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पोरांचे हात धरा. आणि रविवारी वाईतून चारच्या आत निघा, संध्याकाळी खंबाटकीच्या बोगद्यापाशी गाड्यांची रांग लागते.