शिक्षा झाली, पण कशासाठी?

(दृश्य: सामना संपल्यावरचा गुणफलक. कर्सर एका नावापाशी थांबतो.)

सामना संपलाय. फलकावर दहा नावं. त्यातल्या एका नावाशेजारी हे छोटं बटण आहे, रिपोर्टचं. ते दाबलं की कारण विचारतात: शिवीगाळ, द्वेषाची भाषा, मुद्दाम हरणं, डाव अर्ध्यावर टाकून जाणं. कारण निवडायचं, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या, की झालं. पण ही तक्रार पुढे जाते कुणाकडे?

एकेकाळी ती माणसांकडे जायची.

(दृश्य: ट्रायब्युनलच्या पानाचं जुनं चित्रण.)

चित्रण जुनं आहे, अक्षरं पुसट दिसतात. तरी नीट बघा. हा खेळ लीग ऑफ लेजंड्स, पाच विरुद्ध पाच. तो बनवणाऱ्या रायट गेम्सनं 2011 मध्ये त्यात ट्रायब्युनल, म्हणजे खेळाडूंचंच न्यायालय, सुरू केलं. एखाद्याविरुद्ध पुरेशा तक्रारी साठल्या की त्याचं प्रकरण उभं राहायचं आणि ते तपासायला बसायचे दुसरे खेळाडू. नाव झाकलेलं. समोर सामन्यातलं चॅट, ओळीमागून ओळ. किती जणांना मारलं, किती वेळा मेला, कुठली शस्त्रं घेतली, तक्रार करणाऱ्यानं काय लिहिलं, सगळं त्याच पानावर. वाचायचं आणि ठरवायचं: शिक्षा की माफी?

आता हे कार्ड बघा. आम्हाला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. शिक्षा झालेल्याला त्याचंच चॅट परत दाखवलं जायचं. कुठल्या सामन्यात, कुठल्या शब्दांसाठी, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायचं. नुसतं ‘तुमच्यावर कारवाई झाली आहे’ एवढंच सांगितलं, तर माणूस दोष दुसऱ्यालाच देतो. स्वतःची ओळ वाचल्यावर तसं करणं अवघड जातं.

(दृश्य: सेटिंगमधला चॅटचा पर्याय, बंद-चालू.)

या कामाची धुरा होती जेफ्री लिन यांच्याकडे. त्यांची डॉक्टरेट मेंदूविज्ञानातली. त्यांच्या चमूनं एक साधा बदल करून पाहिला. विरुद्ध संघाशी बोलायचं चॅट आधीपासूनच बंद ठेवलं. ज्याला हवं त्यानं सेटिंगमध्ये जाऊन उघडावं. बोलणं जवळपास तेवढंच राहिलं, पण वाईट बोलणं 30 टक्क्यांहून जास्त घटलं आणि चांगलं बोलणं सुमारे 35 टक्क्यांनी वाढलं. कुणालाही शिक्षा न करता!

2014 मध्ये ट्रायब्युनल थांबलं. 2015 पासून चॅट वाचण्याचं काम यंत्राकडे आलं, आणि निकाल सामन्यानंतर पंधरा मिनिटांत लागू लागला. पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी 10 सामने चॅटवर मर्यादा, मग 25 सामने, मग 14 दिवस खेळच बंद. चॅटची शिक्षा दिवसांत नव्हे, सामन्यांत मोजायची. घरी बसून ती फिटायची नाही, खेळूनच फेडावी लागायची. डोटा 2 या अशाच दुसऱ्या खेळात तर ‘लो प्रायॉरिटी’तून, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या रांगेतून, सुटायला ठरावीक सामने जिंकावेच लागतात. लीगमधली शेवटची पायरी कायमची बंदी: खातं गेलं, त्यात घातलेले पैसेही गेले.

(दृश्य: पुण्यातलं गेमिंग कॅफे, संध्याकाळ. हेडफोन लावलेली मुलं.)

इथे व्हॅलोरंट चालू आहे, रायटचाच पाच विरुद्ध पाच नेमबाजीचा खेळ. मुंबईचा सर्व्हर. एकाच संघात मराठी, हिंदी, मध्येच इंग्रजी. चॅटमधली मराठी बघा, रोमन अक्षरांत, प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. काही शब्द आम्ही झाकले आहेत.

रायटनं आवाज तपासणाऱ्या यंत्रणेची तयारी 13 जुलै 2022 ला सुरू केली, ती उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी बोलण्यावर. या कॅफेतली शिवी समजायची तर यंत्राला ही भाषा ऐकवावी लागेल. मित्राला लाडानं घातलेली शिवी कुठली आणि समोरच्या मुलीला उद्देशून घातलेली कुठली, हे सांगायला मराठी कान हवेत. ते काम इथल्या खेळाडूंना द्या, असं आमचं मागणं आहे. 2011 मध्ये खेळाडूंवर तेवढा विश्वास टाकला गेला होता.

(दृश्य: कोपऱ्यातल्या खुर्चीवरची मुलगी. माइकच्या चिन्हावर लाल रेघ.)

ही रोज खेळते. संघातल्या चौघांनी तिचा आवाज अजून ऐकलेला नाही.

(निवेदन थांबतं. कळफलकाचा आवाज तसाच राहू द्यावा.)