तोंड कुणाचं, हात कुणाचं?

(कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका महिला मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘यंदाचा मेकअप : नवे ट्रेंड आणि रोजच्या टिप्स’. ते मी सांगणार आहे, काळजी करू नका. पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली आणि पाच मिनिटं या माइकनं खाल्ली.

पण आधी वाणाबद्दल बोलू द्या. यंदा मंडळानं वाण म्हणून लिपस्टिक वाटली. गाळणी आणि प्लास्टिकचे डबे घरात ठेवायला जागा उरली नव्हती, त्यामुळे कल्पना उत्तमच. पण दीडशे बायकांना एकच शेड? खोक्यावर नाव काय, तर ‘न्यूड’. मघाशी मागच्या रांगेतल्या काकूंनी मला हळूच विचारलं, “अगं, न्यूड म्हणजे तेच ना?” होय काकू, तेच. ओठांवर काही लावलेलंच नाही असं वाटावं, असा रंग. आता सांगा, कुणाच्या ओठांवर? या डबीतला रंग दुधासारख्या गोऱ्या बाईसाठी आहे. मी तो लावला तर टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसते. आमच्यासारख्यांचा न्यूड म्हणजे गूळ, चिंच, विटकर. तो मागून घ्यावा लागतो, दुकानदार आपण होऊन दाखवत नाही.

तर माझं एक वेड आहे, आणि ते ऐकवल्याशिवाय मी टिप्सकडे जाणार नाही. गेली सत्तावीस वर्षं पार्लर चालवते, त्यातनं आलेलं. मेकअप लावायचा चेहऱ्याला, पण तो असतो उजेडासाठी. तुम्हाला कुठल्या उजेडात लोक बघणार, हे आधी ठरवायचं आणि मग डबी उघडायची. आपण करतो उलटं.

हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही, माझ्या स्वतःच्या लग्नात शिकले. साल १९९४, मे महिना, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मुहूर्त भटजींनी काढला की मंडपवाल्यानं, देव जाणे. वरात येणार, अंगणात मांडव, वर पांढरं कापड, त्यातनं ऊन गाळून खाली. आणि मी सकाळी सहापासून एका पार्लरमध्ये. नाव घेत नाही, त्या बाई आता आजी झाल्यात. तळघरातली खोली, खिडकी नाही, डोक्यावर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी.

आता ट्यूबलाइटचं शास्त्र ऐका. जुन्या ट्यूबच्या उजेडात लाल रंग फार कमी असायचा, हिरवट-निळसर जास्त. त्यात कुणीही बसवा, चेहरा उतरलेला, आजारी दिसणार. मग करणारीला वाटतं, नवरी फिकी दिसतेय, वाढवा. गालांना गुलाबी वाढवा, ओठांना लाल वाढवा. त्यातून मी सावळी. म्हणजे आधी दोन शेड उजळ थर, त्यावर पावडर, त्यावर परत थर. त्या आरशात मी खरंच बरी दिसत होते. स्वतःवरच खूश होऊन रिक्षात बसले.

मांडवात आले आणि बाई, जी शांतता पसरली! शालू हिरवा, गळ्यात कोल्हापुरी साज, कपाळाला मुंडावळ्या, आणि मधे एक पांढरं तोंड, त्यावर दोन गुलाबी ठिपके. हात कोपरापर्यंत उघडे, ते माझ्या मूळ रंगाचे. मान मधल्यामध्ये, तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझी आजी पहिल्या रांगेत बसलेली, तिला कमी ऐकू यायचं म्हणून ती नेहमी मोठ्यानं बोलायची. ती म्हणाली, “तोंड कुणाचं आन हात कुणाचं गं हे?” नवऱ्याकडच्यांनी ऐकलं. भटजींनी ऐकलं. मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत कुणीतरी तांबडा-पांढरा रस्सा असं नावही ठेवलं होतं, आणि तो पांढरा म्हणजे मी.

वरनं फोटो. फोटोग्राफरनं फ्लॅश मारला. तेव्हाच्या पावडरींत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड ठासून असायचं, ते फ्लॅशचा उजेड जसाच्या तसा परत फेकतं. आजही तेच होतं, कॉम्पॅक्टमध्ये, काही सनस्क्रीनमध्ये, आणि ‘एचडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या सिलिका पावडरीत. डोळ्याला दिसत नाही, फ्लॅशला दिसतं. तो अल्बम आमच्याकडे कपाटात सगळ्यांत वर, सुटकेसच्या मागे आहे. मुलगी लहान असताना तिनं एकदा काढला आणि विचारलं, “आई, बाबांचं आधी दुसरं लग्न झालेलं?”

त्या दिवशी मला एकच माणूस शहाणं बोलला. माझा थोरला मामा. तो तरुणपणी जयप्रभा स्टुडिओत रंगभूषेच्या खोलीत मदतनीस होता. ब्रश धुणं, स्पंज भिजवणं, दाढ्यांची पेटी सांभाळणं. सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा जमाना. तो जेवणाच्या पंगतीत माझ्याजवळ आला, हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं फिरवलं आणि म्हणाला, “मेकप वाईट न्हाई बाळ. हा ट्यूबलाइटचा हाय, तू उन्हात आलीस.”

मग पुढं कधीतरी त्यानं सगळं उलगडून सांगितलं. आपण कोल्हापूरकर सिनेमाचा अभिमान सांगतो. मूकपट काढणारे बाबूराव पेंटर, त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, खरी कॉर्नरचा तो कॅमेऱ्याचा स्तंभ. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथं जन्मली आणि १९३३ ला पुण्याला गेली, तो विषय आता काढत नाही, काढला तर रात्र होईल. पण त्या मूकपटांच्या काळात तोंडाला काय फासायचे, हे कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणायचे तिला. लाल ते काळं, निळं ते पांढरं. ओठ लाल रंगवले तर पडद्यावर काजळ खाल्ल्यासारखे ओठ. कातडीतला तांबूसपणा, मुरमांचे डाग, सगळं काळंकुट्ट. म्हणून चेहऱ्याला फिकट, पिवळट थर आणि ओठांना लाल जपून. सेटवर त्या अवतारात कुणी बघितलं तर कावीळ झाली म्हणेल, पण पडद्यावर राणी. मामाच्या उस्तादानं हे त्याच्याही उस्तादाकडून ऐकलेलं. मग सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, दिवे बदलले, आणि तोंडाचे रंग परत पहिल्यापासून. पुढं हॉलिवूडमध्ये रंगीत चित्रपट आला तसा मॅक्स फॅक्टरनं, पोलंडमधनं अमेरिकेला गेलेला केसांचे टोप करणारा माणूस तो, १९३० च्या दशकाच्या शेवटी ओल्या स्पंजानं लावायचा पॅनकेक काढला. आपले नाटकवाले अजून ‘पॅनकेक आण रे’ म्हणतात, तो हाच.

बघा, चेहरा तोच. फिल्म बदलली, दिवा बदलला, की रंगभूषा बदलली. मामाला हे चौथी पास असून कळत होतं. नाटकाच्या रंगपटात आरशाच्या चारी बाजूंनी बल्ब का लावतात? तर रंगमंचावर उजेड सगळीकडून येणार, म्हणून तयारीही तशाच उजेडात. मामा केशवराव भोसले नाट्यगृहातही जायचा कामाला. २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री ते जळालं तेव्हा तो नव्हता, बरं झालं.

आणि आपल्याला हे कुणी बाहेरनं येऊन शिकवायला नको. येत्या ३१ तारखेला अंबाबाईचा किरणोत्सव आहे. जानेवारीची ३१, फेब्रुवारीची १ आणि २, आणि नोव्हेंबरची ९, १०, ११. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत शिरतात, पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर, आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. मधे धूळ, ढग किंवा एखादी इमारत आडवी आली की अख्खं गाव हळहळतं. उजेड चेहऱ्यावर किती बोटं चढला हे मोजणारं गाव आहे हे! आणि त्याच गावातल्या नवऱ्या बिनखिडकीच्या खोलीत तयार होतात. मावळतीच्या उजेडात निळा भाग हवेतच विखुरतो, तांबूस-पिवळा उरतो, म्हणून गोरज मुहूर्तावर कुणीही देखणं दिसतं. मुलगी बघायला संध्याकाळी बोलवायचे ना पूर्वी? उगीच नव्हे.

आता कामाचं. बाहेर उन्हात जायचं असेल तर खिडकीशी तोंड करून मेकअप करा, खिडकी पाठीमागे नको. रात्रीच्या रिसेप्शनला पिवळे दिवे असतील तर पिवळ्या दिव्याखाली. घरात आरशाजवळ बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय लिहिलेलं बघा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, नव्वदच्या वर असेल तर रंग खरे दिसतात. वॅट बघून घेण्यात काही अर्थ नाही. फाउंडेशनची शेड मनगटावर तपासू नका. मनगट तुमचं तोंड नाही, माझ्या आजीला विचारा. जबड्याच्या कडेला, मानेकडे उतरती एक रेघ ओढा, दुकानाबाहेर या, दहा-पंधरा मिनिटं चहा प्या. काही फाउंडेशन हवेत जरा काळवंडतात. मग आरशात बघा. रेघ दिसेनाशी झाली तर ती शेड तुमची. महाद्वार रोडला दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

जाता जाता एक. आमच्या कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्याकडे पुण्याची एक नवी मुलगी कामाला लागली. फोन आला, “उद्या लग्न हाय, मी तयार व्हायला येतो.” हिनं वहीत लिहिलं, नवरदेव, दाढी ट्रिम, फेशियल. सकाळी नवरी हजर, आणि ही वस्तरा घेऊन उभी.

(हशा. इथं आयोजकांची चिठ्ठी आली.)

सात मिनिटं उरलीत म्हणे. बरं. ट्रेंड. भराभर सांगते, लिहून घ्या.

ग्लास स्किन. कोरियाचं आहे. चेहरा काचेसारखा चमकायला हवा. आपल्याकडे मे महिन्यात तो फुकट चमकतो, त्याला घाम म्हणतात. त्यातलं घेण्यासारखं एवढंच की रात्री तोंड नीट धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. दहा थर लावायची गरज नाही.

सनस्क्रीन मात्र थट्टेवारी नेऊ नका. डबीवर एसपीएफ ३० असेल तर ते कातडी भाजणारे यूव्हीबी किरण साधारण सत्त्याण्णव टक्के अडवतं, ५० साधारण अठ्ठ्याण्णव. म्हणजे आकड्याच्या मागे धावून फार मिळत नाही, मिळतं ते मात्रेनं. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. काळपटपणा वाढवणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी डबीवर ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं बघा. पांढरं पडतं म्हणून सोडू नका. जेल, टिंटेड, बरेच प्रकार निघालेत.

गोरं करणारी क्रीमं. २०२० मध्ये एका मोठ्या क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं, डबीतल्या अपेक्षा त्याच राहिल्या. पण त्याहून वाईट आहेत त्या मेडिकलमधल्या छोट्या ट्यूबा, ‘ताई, ही लाव, आठ दिवसांत उजळशील’ म्हणून मिळणाऱ्या. मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन लिहिलंय का बघा. स्टेरॉइड आहे ते. आधी उजळतं, मग कातडी पातळ, तांबडी, केस येतात, आणि सोडलं की आग होते. लावत असाल तर आज एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बिगरनावाची क्रीमं तर नकोच. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला पारा असलेल्या क्रीमांनी लोकांच्या किडन्यांवर परिणाम झाला. गोरं व्हायला किडनी!

टिकली. हे इथं सांगायलाच हवं, आज हळदीकुंकू आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, त्यानं काहींना कपाळावर पांढरा डाग पडतो, आणि तो सहज जात नाही. रात्री टिकली आरशावर काढून ठेवा. खाज आली, रंग फिका वाटला की गोंद बंद, मेणावर कुंकू. कुंकूही खरं, हळदीला चुना लावून लाल झालेलं. भडक, चकचकीत, तेलकट असेल तर ते कपाळाला नको.

काळी मेंदी घेऊ नका. खरी मेंदी आधी नारिंगी उमटते, मग तासातासानं गडद होते. लावल्या लावल्या काळी म्हणजे त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन, हातावर फोड येतात. डाय लावायच्या आधी कानामागे थेंब लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, दर वेळी, वीस वर्षं लावत असला तरी. आणि डबीच्या मागे उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यावर ‘१२एम’ असं काही लिहिलेलं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. मस्कारा तीन ते सहा महिने. लग्नातला मस्कारा मुलीच्या लग्नाला वापरू नका.

झालं. झालं बाई, उठते.

फक्त एक. ज्यांना आपली शेड तपासून घ्यायचीय, त्यांनी इथं या ट्यूबखाली माझ्याभोवती गर्दी करू नका. साडेचार वाजलेत, बाहेर पायरीवर सावली आहे, तिथं या. अजून तासभर उजेड खरं बोलेल, मग तोही गोड बोलायला लागतो. वाणाची लिपस्टिक बरोबर आणा. सील फोडलं नसेल तर फोडू नका, अध्यक्षबाई दुकानदाराशी बोलून बघणार आहेत, अर्ध्या तरी विटकर रंगात बदलून मिळतात का ते.