गझीबो डेकवर नाही, जमिनीवर

नमस्कार मंडळी. आज बागेतल्या गझीबोबद्दल बोलायचंय. चार लाकडी खांब, वर छत, चारी बाजूंनी मोकळं. आणि तो कोऱ्या मातीवर नाही, तर आधीच घातलेल्या लाकडी डेकवर, म्हणजे फळ्यांच्या ओट्यावर, उभा करायचाय. डेक तयार आहे, जागा सपाट आहे, मग चार खांब ठोकले की झालं, असं वाटतं ना? मलाही अगदी तसंच वाटलं होतं. म्हणून आधी गोष्ट सांगते, मग बाकीचं.

आमचा पहिला गझीबो मी आणि दादानं मिळून केला. तीन मीटर बाय तीन मीटर, खांब चार इंची, छताला चांगला उतार. प्रत्येक खांबाच्या बुडाला लोखंडी प्लेट आणि प्लेटला चार-चार जाड स्क्रू, थेट डेकच्या फळ्यांत पिळलेले. दादा एका खांबाला धरून अक्षरशः लोंबकळला, जोरात हलवून बघितलं, काही हललं नाही. आठ महिने तो गझीबो उभा होता, आम्ही त्याच्याखाली बसलो, वाचलं, भांडलो, पावसाचा आवाज ऐकला, आणि मला खरंच वाटायला लागलं होतं की हे काम आपल्याला जमलंय.

मग एका रात्री वादळ आलं. धो धो पाऊस नव्हता, वारा होता. मध्यरात्री एकदा मोठा करकर आवाज झाला, फांदी पडली असेल म्हणून कूस बदलली. सकाळी दार उघडलं तर डेक रिकामा, आणि गझीबो पलीकडे गवतात आडवा पडलेला. आणि ऐका, छत शाबूत! वासे शाबूत, जोड शाबूत, एकही बोल्ट तुटला नव्हता. फक्त तीन खांबांच्या पायांत डेकच्या फळ्या चपलांसारख्या अडकलेल्या होत्या. म्हणजे त्या तीन ठिकाणी आमचे स्क्रू निघालेच नाहीत, वाऱ्यानं फळ्याच उपटल्या आणि गझीबो त्या फळ्या पायात घालून निघून गेला.

आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. मला वाटलं ते गझीबो बघतील, कुठं चुकलं ते सांगतील. त्यांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "ताई, छत नंतर. आधी भोक दाखवा." आणि पालथे झोपले डेकवर, हातात टॉर्च, डोकं त्या उपटलेल्या फळीच्या जागेत. वीस मिनिटं. मधेच त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि खालच्या जॉइस्टमध्ये, म्हणजे फळ्या ज्यांच्यावर ठोकतात त्या आडव्या लाकडांमध्ये, टोचत टोचत पुढं गेले, टक, टक, टक, आणि चौथ्या कोपऱ्यात आवाजच आला नाही, स्क्रूड्रायव्हर अर्धा आत गेला. कुजलं होतं. त्या कोपऱ्यात फळ्या जागेवर राहिल्या होत्या, पण स्क्रू मऊ लाकडातून अलगद बाहेर आले होते. वरून ती जागा बाकीच्या डेकइतकीच छान दिसायची, मी रोज तिथं खुर्ची टाकून बसायचे.

उठून बसले, हात झटकले आणि म्हणाले, "फळी पाय ठेवायला असते ताई, खांब ठेवायला नसते." मी म्हटलं, काका, पण वजन काय फार नव्हतं. तर म्हणाले, "वजन खाली जातं एवढंच तुम्ही धरलंत. वारा वर उचलतो, ते धरलंच नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेली नाही, तुम्हीही विसरू नका, म्हणून परत सांगते: वारा वर उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला ढोबळमानानं ४८ किलोचा जोर लावतो. आमचं छत ९ चौरस मीटर, म्हणजे ४०० किलोच्या वर, आणि आम्ही ते धरून ठेवलं होतं कशानं, तर फळ्यांच्या खिळ्यांनी.

मग काकांनी पुन्हा उभं करायला सुरुवात केली ती खालून. चार कोपऱ्यांच्या फळ्या काढल्या, दोन जॉइस्टच्या मधल्या मोकळ्या जागेतून खड्डे खणले. (खणायच्या आधी पाण्याचा पाइप, वीजेची केबल, ड्रेनेज कुठून जातं ते नक्की करून घ्या, हे विसरायचंच नाही.) दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल असा काँक्रीटचा एक ठोकळा ३०० किलोच्या आसपास भरतो, असे चार झाले की छताला खाली धरून ठेवणारं काहीतरी आहे म्हणायचं. माती भुसभुशीत असेल तर अजून खोल जा. तिसऱ्या कोपऱ्यात मात्र खांबाच्या खुणेखाली बरोब्बर जॉइस्ट आला. दादा करवत घेऊन तयारच होता, म्हणाला चार इंचाचा तुकडा काढू, काय फरक पडतो. काकांनी त्याच्या हातातली करवत काढून घेतली, शांतपणे, आणि सगळ्या गझीबोची आखणी चार इंच सरकवली. चारही खुणा पुसल्या, नव्यानं मारल्या. अख्खी दुपार गेली त्यात. "खांब सरकतो, जॉइस्ट सरकत नाही," एवढंच म्हणाले.

कुजलेला जॉइस्ट अर्थातच बदलला. तो गझीबो आजही उभा आहे, तेच छत, तेच वासे, खांब फक्त सहा इंची घेतले.

तर लक्षात ठेवायचं एकच, गझीबो डेकवर उभा करायचा नाही, डेकमधून जमिनीत न्यायचा. डेकवर नाही, डेकमधून. तुमचा डेक उंचावर असेल किंवा गच्चीवर असेल तर मात्र स्वतः काही करू नका, इंजिनिअरला दाखवा.

आता बाकीचं भराभर सांगते. खांबाचं बूड काँक्रीटमध्ये गाडायचं नाही, काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर, इंचभर उचलून ठेवायचं, कारण लाकडाचं कापलेलं टोक पाणी शोषून घेतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. कापलेल्या प्रत्येक टोकाला प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावायचं औषध, पाजा, ब्रशनं, दोनदा. डेकच्या फळ्या खांबाभोवती कापताना पाच-सहा मिलिमीटर फट सोडा, पाणी निघून जायला आणि लाकूड फुगतं त्याला जागा पाहिजे म्हणून.

काटकोन बघायला तीन, चार, पाच मापाच्या बाजूंचा त्रिकोण आखायचा, आणि मग दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तर चौकट बरोबर. शाळेत हा त्रिकोण सगळ्यांना शिकवतात पण मुलांच्या हातात दोरी आणि खुंट्या कोणी देत नाही, दिल्या पाहिजेत, एकदा जमिनीवर स्वतः आखला की पोरगं आयुष्यभर विसरणार नाही, हे मी कुठंही बोलायला उभी राहिले की सांगते आणि सांगत राहणार. आणि सगळं मोजमाप एकाच टेपनं करा. दोन माणसं दोन टेप घेऊन फिरायला लागली की एका टेपचं टोक थोडं वाकलेलं असतंच. खांब उभा सरळ आहे का ते ओळंब्यानं बघा, मोबाइलवर नाही.

वरची तुळई खांबाला नुसती बाजूनं बोल्टनं टांगायची नाही, खांबाच्या डोक्याला खाच पाडून त्या खाचेत बसवायची, भार लाकडावर येऊ दे, बोल्टनं फक्त धरून ठेवायचं. १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर. आणि प्रत्येक कोपऱ्यात तिरके टेकू, खांबावरून तुळईकडे ४५ अंशात, दोन अडीच फूट लांब. टेकू दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून काही लोक गाळतात. गाळू नका. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही, सगळी मजबुती त्या तिरक्या लाकडात आहे. वाशांनाही तुळईशी पट्टीनं बांधा, नुसते खिळे नकोत, कारण काय? वारा वर उचलतो.

बोल्ट-स्क्रू गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. तांब्याचं प्रिझर्वेटिव्ह मारलेल्या लाकडात साधं लोखंड लवकर गंजतं, आणि टॅनिन, म्हणजे तुरट रस, असलेल्या लाकडावर लोखंडामुळे ओलाव्यात काळे ओघळ येतात. लाकूड घेताना गाभ्याचं घ्या, कडेचं फिकट लाकूड किडीला आणि बुरशीला लवकर बळी पडतं. आणि चकचकीत जाड व्हार्निश मला उघड्यावरच्या लाकडाला पटत नाही, उन्हानं ते तडकतं, पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. तेल लावा, दरवर्षी लावा, हातानं चोळून लावा, त्या निमित्तानं प्रत्येक खांबावरून हात तरी फिरतो.

शेवटचं काम वर्षभरानं आहे. लाकूड वाळतं, रुंदीत आकसतं, आणि घट्ट बसवलेला बोल्ट सैल होतो. तेव्हा पहिलं वर्ष झालं की पाना घ्या, शिडी घ्या, आणि एकेक नट आवळा. आणि डेकच्या कोपऱ्यातली एक फळी स्क्रूवर, काढता येईल अशी ठेवा, म्हणजे टॉर्च घेऊन खाली बघता येईल.