पुलावरचे ५०३ दिवस

हा छोटासा लाकडी पूल नीट पाहून ठेवा. आपली सगळी गोष्ट इथेच घडते. खालून वाहते ती क्रुश्चित्सा नदी. गावाचं नावही तेच. देश, बोस्निया-हर्झेगोविना.

नदी तशी लहानच, पण आसपासच्या लोकांचं पिण्याचं पाणी तिच्यावरच अवलंबून. २०१७च्या उन्हाळ्यात तिच्यावरच्या दोन छोट्या जलविद्युत प्रकल्पांसाठी अवजड यंत्रं गावाकडे निघाली.

'छोटे' हा शब्द मोठा फसवा आहे. अशा प्रकल्पात अवाढव्य धरण नसतं, बुडणारी गावं नसतात. कागदावर सगळं हिरवंगार. वर एक बंधारा घालायचा, पाणी पाइपात वळवायचं आणि खाली उतारावर टर्बाइनवर सोडायचं. वीज होते. पण बंधारा ते टर्बाइन या टप्प्यात नदीच्या पात्रात काय उरतं? दगडगोटे. आणि नियमाप्रमाणे सोडायची पाण्याची एक बारीक धार, तीही सोडली तर!

कामाच्या जागी पोचायला यंत्रांना हा पूल ओलांडावा लागणार होता. गाव पुलावर येऊन बसलं. पुढे बायका. हिशोब सरळ होता: पोलीस बायकांवर हात टाकणार नाहीत.

हिशोब चुकला. २४ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना मारत, फरफटत पुलावरून हटवलं. कित्येक जणी जखमी झाल्या.

आणि त्या परत येऊन बसल्या.

पुलाशेजारी एक खोपटं उभं राहिलं. रात्रंदिवसाच्या पाळ्या लागल्या. डोंगरातला अख्खा हिवाळा तिथे गेला, दुसराही सुरू झाला. डिसेंबर २०१८मध्ये न्यायालयानं प्रकल्पांचे पर्यावरण, नगररचना आणि बांधकामाचे परवाने रद्द केले. तोवर ५०३ दिवस झाले होते.

या लढ्यातल्या मायदा बिलाल यांना २०२१चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या फोटोत एकच चेहरा मावतो; पाळ्या भरणाऱ्या पुष्कळ होत्या. पुलाचं नाव मात्र सगळ्यांचं आहे: क्रुश्चित्साच्या शूर स्त्रियांचा पूल.

२०२२मध्ये देशाच्या फेडरेशन भागानं नव्या छोट्या जलविद्युत प्रकल्पांवर बंदीच घातली. दुसऱ्या भागाला, रेपुब्लिका सर्प्स्काला, ती लागू नाही.