मोठ्या जनावराचं कातडं काढायला चाकू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. माझ्या हातात आज दोन चाकू आहेत. याचं पातं ७ इंचांचं, टोक सुईसारखं. आणि या दुसऱ्याचं जेमतेम साडेतीन इंच. एल्क किंवा मूससारखं (हरणाच्या जातीतली ही अवाढव्य जनावरं) धूड समोर पडलंय म्हटल्यावर नवखा माणूस मोठ्या चाकूला हात घालतो. मीही घातला होता. पोट उघडताना टोक थेट आतड्यात गेलं आणि आतली घाण मांसावर पसरली. तेवढं मांस कापून टाकावं लागलं, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

असं का झालं ते दाखवतो. पोट फाडताना धार वर ठेवायची. दुसऱ्या हाताची दोन बोटं बेचकीसारखी फाकवून कातड्याखाली घालायची आणि त्या बेचकीतून पातं हळूहळू पुढे न्यायचं. बोटं आतडी खाली दाबून धरतात, टोक बोटांच्या आडोशाला राहतं. आता हे ७ इंची पातं तसंच धरतो. बघा, टोक बोटांच्या कितीतरी पुढे गेलं. आत ते कशाला लागतंय, काही पत्ता नाही. म्हणून पातं ३ ते ४ इंचांचंच घ्या, जनावर कितीही मोठं असो.

टोक कसं हवं? पात्याची पाठ हळूहळू खाली उतरते आणि टोक जवळजवळ मध्यावर येतं, त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. अमेरिकेतले चाकू घडवणारे बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांनी हा आकार शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय केला. टोक असतं, पण उगाच कुठे घुसत नाही.

आता खरी गंमत धारेच्या बाकात आहे. कॅमेरा जरा जवळ घेतो. कातडं आणि मांस यांच्यामध्ये एक पांढुरका, ओलसर पडदा असतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा. कातडं एका हाताने ओढून धरलं की हा पडदा ताणला जातो आणि धार नुसती टेकवली तरी सुटत जातो. ताण हाताने द्यायचा, चाकूने जोर करायचा नाही. सरळ धार असेल तर ती लांबलचक टेकते आणि टोकाकडचा कोपरा कातड्यात रुततो. झालं, भोक पडलं. बाकदार धार एका वेळी थोडीशीच टेकते. मनगट वळवलं की टेकलेली जागा पुढे सरकते, आणि लांब, सलग हात मारता येतो. आर्क्टिकमधल्या इन्युइट बायकांचा उलू बघा. अर्धचंद्रासारखं पातं, मूठ वरच्या बाजूला. सगळी धारच बाकदार! सीलचं कातडं त्या त्याच्यानेच काढतात.

पात्याच्या पाठीवर हुकासारखा आकडा असलेले चाकू मिळतात, पोट फाडायला. मला ते पटत नाहीत. आकड्यात केस अडकतात आणि आतल्या बाजूने धार लावायला बारीक गोल कानस लागते. बेचकीची पद्धत शिका, आकडा लागत नाही.

पोलादाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. आधी हे समजून घ्या की धार कातड्यापेक्षा केसांमुळे जास्त जाते, कारण केसांत माती आणि वाळू असते. म्हणून नेहमी आतून बाहेर कापायचं. एवढं सांभाळलं तर साधं पोलादही भरपूर काम देतं. १०९५ या पोलादात साधारण ०.९५ टक्के कार्बन असतो. निसण्यावर पटकन धार येते, पण रक्त तसंच राहू दिलं तर गंज धरतो. डी२ या पोलादात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, धार टिकते, पाजवायला वेळ लागतो. एस३०व्ही या पोलादात ४ टक्के व्हॅनेडियम, त्याला हिऱ्याचा निसणाच बरा. माझं मत विचाराल, तर ज्याला तुम्ही स्वतः धार लावू शकता ते पोलाद घ्या. एवढ्या मोठ्या जनावराचं कातडं काढताना मध्येच धार लावायची वेळ येतेच.

मूठ मात्र घाई न करता निवडा. हाताला साबणाचा फेस लावा, डोळे मिटा आणि चाकू घट्ट धरा. रक्त आणि चरबीने माखलेला हात असाच घसरतो. गुळगुळीत शिंगाची मूठ दिसायला देखणी असते, पण ओल्या हातात फिरते. मायकार्टा, म्हणजे राळेत दाबलेल्या कापडाचे थर, ओलं झालं तरी पकड देतं. रबरही चालतं. बोट पुढे धारेवर जाणार नाही असा उंचवटा हवाच.

घडीचा चाकू शक्यतो नको, त्याच्या घडीच्या जागी चरबी आणि रक्त साचतं. बदलायच्या पात्यांचे चाकू ब्लेडसारखे धारदार असतात, पण जनावराच्या सांध्यात पिळले तर पातं तुटतं आणि तुकडा मांसात राहतो. ते वापरणार असाल तर काम संपल्यावर पाती मोजा.

आणि मूठ भडक नारिंगी असेल तर उत्तम. संध्याकाळी उजेड जाताना दोन्ही हातांनी कातडं ओढायला चाकू गवतात ठेवला जातो, आणि तपकिरी मुठीचा चाकू मग टॉर्च लावूनही सापडत नाही.