परीक्षकांच्या टेबलावर

(दृश्य: जळगावातलं सभागृह. ओळीनं बसलेली मुलं. समोर परीक्षकांचं टेबल, तीन खुर्च्या.)

वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की खानदेशात ठिकठिकाणी हे दृश्य दिसतं. बक्षीस घेणाऱ्याचा फोटो सगळेच काढतात. आज आपण बघणार आहोत ते त्याला निवडणाऱ्या तिघांकडे.

मात्र निवड या टेबलाच्याही आधी सुरू झालेली असते. स्पर्धेचं पत्रक धडगावच्या आश्रमशाळेत पोचलं का? वेळेत पोचलं का? सकाळी नऊला जळगावात हजर राहायचं, तर तोरणमाळच्या मुलीला आदल्या दिवशीच घर सोडावं लागतं. मुक्कामाची सोय नसेल तर ती येतच नाही, आणि न आलेल्या मुलीची नोंद कुठल्याच गुणतक्त्यात नसते. नवोदय विद्यालयांच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. जिल्ह्याच्या स्पर्धांनी निदान प्रवासखर्च आणि रात्रीच्या मुक्कामाचा विचार करायला हवा.

(दृश्य: गुणतक्ता. आशय, मांडणी, उच्चार, वेळेचं भान.)

कशाला किती गुण, हे पहिला स्पर्धक उभा राहण्याआधी लिहून ठेवलेलं असावं. त्यातही 'उच्चार' म्हणजे काय, हे परीक्षकांनी आपसांत नक्की करावं. रावेर-यावलकडच्या मुलाच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. अमळनेरच्या मुलीच्या बोलण्यात अहिराणीचा हेल येतो. साक्रीच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलाची घरची भाषा भिलीही असू शकते. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आला, तर गुण कापायचे कशासाठी? बहिणाबाईंच्या मुलखात बोलीचा हेल दोष धरला जातो, तेव्हा मन खरंच दुखतं.

बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास झाला, तेव्हा आधी वाजवणारे मागे पडतात असं आढळलं. तिथं तर क्रम चिठ्ठ्यांनीच ठरत होता. म्हणजे चिठ्ठ्यांनी कुणा एकावर ठरवून अन्याय होत नाही, पण आधी बोलणाऱ्याचं नुकसान उरतंच. म्हणून पहिल्या दोन-तीन भाषणांचे गुण शेवटी पुन्हा पडताळून पाहावेत.

(दृश्य: तीन गुणतक्ते शेजारी-शेजारी.)

आता बेरीज. इथं चूक होते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. समजा, एका परीक्षकानं पहिल्या मुलीला ६२ आणि दुसऱ्या मुलाला ५८ दिले. तिसऱ्या परीक्षकानं ६४ आणि ६०. दोघांच्या मते मुलगी सरस. मधल्या परीक्षकाच्या गुणांत मात्र फार मोठं अंतर. त्यानं मुलीला ५५ आणि मुलाला ८५ दिले. बेरीज केली तर मुलगी १८१, मुलगा २०३. तिघांपैकी दोघांनी जिला वर ठेवलं, ती हरली! गुणांऐवजी प्रत्येकाच्या तक्त्यातले क्रमांक मिळवले, तर मुलीचे होतात चार, मुलाचे पाच. कमी बेरीज तिची, म्हणून ती पुढे. पाण्यात सूर मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सात पंच असले, तर वरचे दोन आणि खालचे दोन गुण सोडून देतात, तेही एकट्या पंचाला निकाल फिरवता येऊ नये म्हणूनच.

आणि हे गुण आधी पेनानं लिहून, सही करून मग चर्चा करायची. आधी चर्चा झाली, की सगळ्यात ज्येष्ठ सरांचं मत तिघांचं होऊन बसतं.

राहिला नात्यागोत्याचा प्रश्न. आपल्याकडे दोन माणसं बोलायला बसली, की चहा संपेपर्यंत नातं निघतंच. भाचा, शेजाऱ्याची पोर, आपल्याच संस्थेचा विद्यार्थी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'हा आमच्यातला आहे' असं आधीच सांगावं आणि त्या मुलाचे गुण देऊ नयेत. निबंधाच्या स्पर्धेत तर सोपं आहे: नाव, शाळा झाकायची आणि कागदावर फक्त क्रमांक ठेवायचा.

(दृश्य: निकाल लागल्यावर फलकाभोवती जमलेली मुलं.)

फलकावर विजेत्यांची नावं असतात. त्याशेजारी प्रत्येकाचे निकषवार गुणही लागावेत. मोलगी गावच्या मुलाला आशयात भरघोस मिळाले आणि वेळ ओलांडल्यामुळे तो मागे राहिला, हे त्याला त्याच दिवशी कळलं, तर पुढच्या स्पर्धेसाठी तो आधी घड्याळ लावून सराव करेल.